कपाटातला सासरा

बसस्थानकावरच्या त्या खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती आणि खिडकीच्या आत ती बसायची, म्हणून सगळे तिला चौकशीबाई म्हणत. खरं पाहता चौकशी लोक करायचे, ती फक्त उत्तरं द्यायची. पण एकदा नाव पडलं की पडलं. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाला, खुद्द डेपो मॅनेजरसुद्धा ‘चौकशीबाईंना विचारा’ म्हणून मोकळे व्हायचे.

गाड्यांच्या घोषणाही तीच करायची. तिच्यासमोरचा माईक तिच्याहून वयाने मोठा असावा. तो मधूनच खोकायचा आणि मधूनच झोपी जायचा. तो झोपला की ती खिडकीतून डोकं बाहेर काढायची आणि माईकशिवायच ओरडायची, “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे!” प्रवाशांना हेच जास्त आवडायचं, कारण माईकमधून शब्द यायचे ते चघळून आल्यासारखे, आणि तिच्या तोंडून यायचे ते ठणठणीत. गेटाबाहेरचा रिक्षावालासुद्धा त्या आवाजावर आपलं गिऱ्हाईक हेरायचा.

एवढं ओरडून ती घरी यायची, आणि घरी मामंजी असायचे.

मामंजी म्हणजे तिचे सासरे. सगळं आयुष्य त्यांनी गोदीत काढलं, जहाजाच्या पत्र्यांवर रिवेट ठोकण्यात. एका बाजूने हे ठोकायचे, दुसऱ्या बाजूने जोडीदार ठोकायचा आणि मधल्या पत्र्याच्या पिंपात दोघांचे कान शिजायचे. जहाजं गेली पाण्यावर आणि मामंजींचे कान राहिले गोदीतच. कानात घालायचं मशीन मुलाने आणून दिलं होतं, पण ते घातलं की माणसांचं बोलणं यायच्या आधी भांड्यांची आदळआपट डोक्यात शिरायची. मशीन गेलं ड्रॉवरमध्ये आणि सूनबाई गेली ओरडायला.

“मामंजी, चहा!”

“न्हा? सकाळीच न्हालो की!”

“चहा, चहा! आणि गोळी घेतली का?”

“मोळी? मोळी कशाला गं, गॅस आहे ना घरात?”

यातलं त्यांना खरंच किती ऐकू यायचं नाही आणि किती ते मजेखातर ऐकायचे नाहीत, हे कोडं तिला लग्नापासून सुटलं नव्हतं. खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाईने मात्र सरळ गैरसमज करून घेतला. रोज सकाळी “उठा, पाणी तापलंय, निघा आता!” अशी आरोळी ऐकून तिची खात्री पटली, की वर एक सून आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याला घराबाहेर काढतेय आणि तो बिचारा काही केल्या जात नाही.

मग एके दिवशी आवाज बसला. माईकसमोर ती “प्रवाशांनी” म्हणायला गेली आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसं काहीतरी बाहेर पडलं. लोक थांबले. त्यांना वाटलं, आज माईकने राम म्हटला. तिने कोमट पाणी प्यायलं, गुळण्या केल्या, खडीसाखर चघळली. आवाज काही उठला नाही.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं आणि मान हलवली. “स्वरयंत्रावर गाठी आल्यात. चामखिळीएवढ्या आहेत, घाबरायचं नाही. पण आता तोंडाला कुलूप. कुजबूजसुद्धा नाही. हसायचं तेही मुक्याने. मी सांगेपर्यंत.” मग त्यांनी सोबत आलेल्या नवऱ्याला विचारलं, “बाहेर ओरडतात ते कळलं. घरी कुणाला कमी ऐकू येतं का?”

यावर नवरा असा काही हसला, की बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावून गेले. हा नवरा वायरमन होता, मनाने सरळ आणि जिभेने त्याहून सरळ. घरी आल्याबरोबर त्याने तो सगळा प्रसंग बापाला हातवाऱ्यांनी करून दाखवला. आधी बापाच्या कानाकडे बोट, मग बायकोच्या गळ्याकडे बोट, मग दोन्ही हात पसरून, ‘झालं की नाही वाटोळं!’ मामंजीही हसले. ती मात्र हसू शकत नव्हती, म्हणून तिने नवऱ्यावर नुसते डोळे वटारले.

नवऱ्याने तिला शाळेतल्या पोरांची पाटी आणि पेन्सिल आणून दिली. तिने पहिल्याच दिवशी त्यावर लिहिलं, ‘चहा घेणार?’ आणि मामंजींपुढे धरलं. मामंजींनी पाटी बाजूला सारली. “पाटीवर काय बोलतेस? मी काय बालवाडीत जातो?”

म्हणजे तेही बंद झालं. आता घरात एक मुकी, एक बहिरा आणि तिसरा टीव्ही. टीव्हीचं असं झालं होतं, की मामंजींनी बातम्या पूर्ण आवाजात लावता लावता एका संध्याकाळी त्याच्या स्पीकरने ‘फट्’ केलं आणि मान टाकली. चित्र उत्तम, आवाज शून्य. वायरमन लोकांच्या घरचे पंखे, गिझर, लिफ्टसुद्धा दुरुस्त करत हिंडत होता. स्वतःच्या घरच्या टीव्हीचा स्पीकर ‘या रविवारी नक्की’ आणणार होता. असे बरेच रविवार आले, जेवले आणि गेले.

दुपारी घरी बसायची तिला सवयच नव्हती. हाताला काम असेल तर जीभ गप्प बसते, पण रिकाम्या दुपारी तिला आपलीच जीभ तोंडात पाहुण्यासारखी वाटायला लागली. लसूण सोलत ती टीव्हीसमोर बसली. मामंजी खुर्चीत होतेच. ती चॅनल बदलत राहिली. एकीकडे चार माणसं भांडत होती, एकीकडे एक बाई पातेल्यात काहीतरी ढवळत होती, आणि पुढे, पार शेवटच्या नंबरावर, काळ्यापांढऱ्या रंगात एक घर दिसलं. सगळं घर तिरपं. दारं तिरपी, खिडक्या तिरप्या, धुराडं तर पडायलाच आलेलं.

“सुतार पिऊन आला असणार,” मामंजी म्हणाले.

तिने रिमोट खाली ठेवला.

त्या तिरप्या घरात एक मोठं कपाट होतं. कपाटाचं दार हळूच उघडलं आणि आतून एक उंच, काटकुळा म्हातारा बाहेर आला. अंगात लांब काळा कोट, चेहरा पिठात बुडवल्यासारखा, डोळ्यांभोवती काळं. तो जिना चढायला लागला. त्याच्या आधी भिंतीवरून त्याची सावली चढली. सावलीचे हात वर, बोटं वाकडी. वरच्या खोलीत एक बाई आरशापुढे बसून केस विंचरत होती. तिने वळून पाहिलं आणि तोंडाचा हा मोठा आ केला.

आता कोणाही शहाण्यासुरत्या माणसाच्या लक्षात आलं असतं, की हा चित्रपट भुताचा आहे आणि मुका आहे. पण ही दोघं पडली या घरातली. टीव्हीचा स्पीकर उडालेला, म्हणून आवाज नाही असं तिने धरलं. आपल्याला तसाही कुठलाच आवाज येत नाही, असं मामंजींनी धरलं. राहता राहिला प्रश्न म्हाताऱ्याचा. तो मामंजींनी चुटकीसरशी सोडवला.

“सासरा असणार तिचा,” ते म्हणाले. “चहा मागायला आलाय.”

तिने रुमाल तोंडात कोंबला.

“बघ ना. दुपारी झोपला असेल कपाटात, म्हणजे त्या खोलीत. उठल्यावर तल्लफ आली. आणि ती काय म्हणतेय? ‘आले, आले!’ म्हणतेय.”

मधूनच पडदा काळा व्हायचा आणि त्यावर पांढरी, वाकड्या वळणाची परकी अक्षरं यायची. ती अक्षरं तिला वाचता येईनात, पण अर्थ तिने बरोबर ताडला, किंवा असं तिला वाटलं. चित्र थांबवून पाटी लावतात ती एकाच गोष्टीसाठी. तिने लसणाच्या हाताने पेन्सिल घेतली आणि पाटीवर लिहिलं, ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व.’ या वेळी मामंजींनी पाटी वाचली, बहुधा चुकून.

“इतक्या वेळा? फारच सभ्य चॅनल दिसतंय.”

तिलाही कौतुक वाटलं. ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य ती नोकरीभर म्हणत आली होती, पण दर दोन मिनिटांनी माफी मागायची वेळ तिच्या डेपोवरही कधी आली नव्हती.

शेवटी गावकरी मशाली घेऊन आले. मामंजींच्या मते ते पाहुणे होते. पाहुण्यांनी म्हाताऱ्याला कपाटात कोंडलं, दारावर भराभर खिळे ठोकले आणि कपाट नदीत सोडून दिलं. बाई खिडकीत उभी राहून हसली. मामंजी खुर्चीत पुढे सरकले.

“काय जमाना! चहा मागितला म्हणून सासऱ्याला खिळे ठोकतात? आणि ठोकलेत ते तरी कसे? सगळे तिरके. पाणी आत शिरणार.”

डॉक्टरीणबाईंनी हसायला बंदी केली होती, म्हणून ती गदागदा हलत राहिली आणि तिच्या मांडीवरचा लसूण खोलीभर पसरला. मामंजींनी तिच्याकडे पाहिलं आणि तेही हसायला लागले. लसूण गोळा करताना तिच्या लक्षात आलं, की लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आपण दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो असं आजच झालं. एरवी तिला ओरडून सांगावा लागायचा तो विनोद त्यांच्यापर्यंत पोचेतो शिळा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आपापल्या जागेवर हजर. त्या चॅनलवर रोज तसलंच काहीतरी असायचं. एका चित्रपटात पांढऱ्या कपड्यातली एक बाई डोळे मिटून छपरांवरून चालायची. मामंजींना तिची काळजी लागली. “कपडे वाळत घालायला जाते म्हणावं, तर बादली नाही हातात.” दुसऱ्यात एक गिरणी होती, ती आपोआप फिरायची आणि गिरणीवाला दाढी उपटत धावत सुटायचा. “बिल जास्त आलं असेल,” असा निकाल त्यांनी दिला. त्या लोकांचे चेहरेच असे होते, की कपाळावरच्या आठीतून सगळं कळायचं. रडायचे तर अंगभर रडायचे, रागवायचे तर भुवया केसांत जायच्या.

एकदा मध्येच मामंजी म्हणाले, “सूनबाई, या सिनेमात मी बहिरा नाही बघ.”

ते टीव्हीकडे बघूनच बोलले, पण तिचा सोलता हात थांबला. घरात सगळे बोलत असताना हा माणूस इतकी वर्षं नुसता चेहरे बघत बसायचा, आणि आपल्याला त्याचं कधी काही वाटलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

हळूहळू घराची भाषाच बदलली. चहा हवा असला, की मामंजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, दोन्ही हात वर करायचे, बोटं वाकडी करायचे आणि डोळे मोठे करायचे. तिला हवा असला की तीही तसंच करायची. साखर कमी आहे हे कपाळाला उलटा हात लावून सांगायचं. भाजीवाली आली, की छपरावरच्या बाईसारखं डोळे मिटून दाराकडे चालायचं. एका संध्याकाळी वायरमन लवकर घरी आला, तर त्याचा बाप दारात पंजे उगारून उभा आणि बायको शांतपणे आधण ठेवतेय. त्याची बोबडीच वळली. “काय झालं यांना?” असं त्याने विचारलं, तर दोघांनी त्याच्याकडे वळून पंजे उगारले. म्हणजे त्याला चहा हवा का, असं विचारलं. तो मुकाट्याने हातपाय धुवायला गेला.

घाबरून असेल किंवा लाजून असेल, पण पुढच्या रविवारी त्याने खरोखर स्पीकर आणला. पाठीमागचं झाकण उघडलं, तारा जोडल्या आणि ऐटीत टीव्ही लावला. त्या चॅनलकडे चित्रपट मोजकेच असावेत, कारण पुन्हा तेच तिरपं घर होतं. टीव्हीतून पियानो वाजायला लागला. माणसं मात्र तोंडं हलवत राहिली. वायरमनने झाकण उघडलं, तारा उलट्या जोडल्या. पियानो. पुन्हा उघडलं, फुंकर मारली. पियानो. तो घामाघूम झाला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि पडद्यावरच्या त्या वाकड्या अक्षरांसमोर धरला. आजकाल फोन कुठल्याही भाषेची पाटी वाचून दाखवतात, तशी त्याच्या फोनने वाचून दाखवली.

“अगं, हा मुकाच आहे!” तो ओरडला. “शंभर वर्षांपूर्वीचा जर्मन मूकपट. त्या पाट्या म्हणजे यांचं बोलणं. आणि भुताचा आहे, भुताचा! लोक हे बघून घाबरतात!”

तिने पाटीवर लिहिलं, ‘कशाला?’

“कशाला म्हणजे? हा जो कपाटातला आहे ना, तो मेलेला आहे.”

हे बापाला सांगायला त्याने मान टाकून, जीभ बाहेर काढून दाखवली. मामंजींना पटलं नाही. “मेला असेल तर चहा कशाला मागेल? तुझा फोन बिघडलाय.” पण वायरमन हाती घेतलेलं काम अर्धं सोडणारा नव्हता. प्रत्येक पाटी त्याने फोनला दाखवली आणि प्रत्येकीचा अभिनय करून दाखवला. म्हाताऱ्याकडे बोट. मग बाईच्या गळ्याकडे बोट. मग दोन्ही गालांवर हात ठेवून तोंडाचा आ. हा आला, की ती किंचाळते. ओरडून ओरडून तिचा घसा सुकतो. याला कोंडल्यावर तिला बरं वाटतं.

आधी म्हाताऱ्याकडे बोट, मग बाईच्या गळ्याकडे बोट, जवळपास हेच हातवारे त्याने डॉक्टरकडून आल्यावर बापाकडे आणि बायकोकडे बोट दाखवून केले होते. त्याच्या ते गावीही नव्हतं. ती मात्र मामंजींकडे बघत होती. मामंजींचं हसू हळूहळू उतरलं.

“म्हणजे ‘आले, आले’ म्हणत नव्हती ती,” ते म्हणाले.

पडद्यावर खिळे ठोकणं चाललं होतं. “बरोबर केलं त्यांनी,” मामंजी म्हणाले. “बाईचा घसा तरी वाचला.” आणि उठून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, धाकट्याला फोन लाव, मी त्याच्याकडे राहायला येतोय. धाकटा मुलगा दुसऱ्या गावी, दिवसभराच्या वाटेवर. वायरमनला यात काही वावगं दिसलं नाही. “जाऊ दे गं, हवापालट होईल. चार दिवस राहून येतील.” पण ट्रंक भरताना ती तिथे होती. मामंजींनी कपडे ठेवले, गोळ्या ठेवल्या आणि शेवटी पलंगाखालून फडक्यात गुंडाळलेला रिवेटांचा हातोडा काढून ठेवला. चार दिवसांसाठी कोणी हातोडा नेत नाही.

तिने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘जाऊ नका.’ ते म्हणाले, चष्मा नाही. तिने चष्मा आणून त्यांच्या नाकावर बसवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की संपलं. त्याच्याशी बोलायला जागाच उरत नाही. ती पाटी घेऊन तशीच उभी राहिली. खरं सांगायचं तर पूर्वी कधीतरी, घसा दुखत असताना, हे धाकट्या भावजींकडे गेले तर बरं होईल असं तिच्याही मनात येऊन गेलं होतं. आता तेच होत होतं आणि तिला रडू फुटत होतं, तेही मुक्याने.

जायचा दिवस आणि डॉक्टरीणबाईंचा दिवस एकच निघाला. दुपारी तिला दवाखान्यात जायचं होतं, संध्याकाळी मामंजींची गाडी. मधे पुरेसा वेळ आहे असं तिने धरलं होतं, पण दवाखान्यातली रांग गोगलगायीची निघाली. नंबर आला तेव्हा उन्हं कलली होती. डॉक्टरीणबाईंनी नळी घातली, बराच वेळ पाहिलं आणि खूश झाल्या.

“छान! गाठी पार बसल्यात. बोला बघू काहीतरी, हळू.”

इतक्या दिवसांनी पहिला शब्द बाहेर पडला तो, “बस!”

“बस काय? मला अजून बघायचंय.”

“बस... चुकेल,” ती म्हणाली, आणि पर्स उचलून पळाली. मागून डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, “आणि पुन्हा ओरडायचं नाही, कधीच!” त्यांच्याच घशाला ते बरं नव्हतं.

बसस्थानकाच्या गेटातून ती आत शिरली तेव्हा तिच्या जागेवर बसवलेली नवी मुलगी नाजूक आवाजात शेवटची सूचना देत होती. गाडी फलाटाला लागलेली. मधे लोखंडी कठडा, कठड्याला लागून रांगा, आणि कठड्याच्या पलीकडे मामंजी. ट्रंक गाडीवर चढली होती. वायरमन पाण्याची बाटली आणायला गेला असावा. मामंजी एकटे बाकावर बसले होते, सगळ्या गाड्यांकडे पाठ करून. समोर चुन्याची पांढरी भिंत आणि त्या भिंतीत तिची खिडकी. ते तिच्या खिडकीकडे बघत बसले होते.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. कठड्याला वळसा घालायचा म्हणजे अख्खा फलाट पालथा घालायचा. तिने तोंड उघडलं. त्या स्थानकावर तिच्या आवाजाला कोपरा न् कोपरा ठाऊक होता. एक आरोळी ठोकली असती तर गाडी काय, गेटाबाहेरची रिक्षासुद्धा थांबली असती. पण तिला आठवलं, की आवाज पुन्हा गेला तर तो मामंजींमुळेच गेला असं होईल. आणि आरोळी ऐकून सगळं स्थानक वळेल, फक्त ज्याने वळायचं तो वळणार नाही. ती तोंडाचा आ करून तशीच उभी राहिली, आरशापुढच्या त्या बाईसारखी.

मावळतीचं ऊन तिच्या पाठीवर होतं. तिची सावली कठड्याखालून, रांगांवरून लांबच लांब गेली होती, आणि तिचं डोकं त्या पांढऱ्या भिंतीवर, खिडकीच्या जरा बाजूला पडलं होतं.

तिने पर्स खाली ठेवली. दोन्ही हात वर केले आणि बोटं वाकडी केली.

भिंतीवर हे एवढाले पंजे उगवले. रांगेतल्या एका बाईने ते पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली, की नव्या मुलीची सूचना अर्धवट राहिली. कंडक्टर दारातून उतरला. लोक मागे सरकले. चौकशीबाईंना वेड लागलं असं झाडूवाल्याला वाटलं आणि तो झाडू टाकून पुढे आला. तिने हात खाली घेतले नाहीत.

मामंजींना किंकाळी ऐकू आली नाही. पण समोर भिंतीवर सावली चढत होती. ते बघत राहिले. मग मागे न वळता, बहिऱ्या माणसाच्या त्या अघळपघळ आवाजात, जो सगळ्या स्थानकाला ऐकू गेला, ते म्हणाले, “सूनबाई, चहा आता कुठला? गाडी सुटतेय माझी!”

आणि मग वळले.

तिने पंजे उतरवले. हवेत एक मोठं कपाट आखलं. मग वाकून, हातात पक्कड असल्यासारखी, त्या कपाटाच्या दारावरचा एकेक खिळा उपटून काढायला लागली. एक काढला, टाकला. दुसरा जरा रुतलेला होता, त्याला पाय लावून ओढलं. सगळे लोक तिच्याकडे बघत होते आणि तिला लाज म्हणून वाटत नव्हती. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी तिने दार उघडलं आणि आत कोणीतरी उभं असावं तसा हात पुढे केला.

मामंजी उठले. चष्मा काढून त्यांनी बाहीला पुसला, पुन्हा लावला. “ट्रंक उतरवा हो,” त्यांनी कंडक्टरला सांगितलं. “जपून. हातोडा आहे आत.”

कंडक्टर कुरकुरला, ड्रायव्हरने भोंगा वाजवला, वायरमन पाण्याची बाटली घेऊन आला आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारत सुटला. त्याला कोणी काही सांगितलं नाही. खिडकीतून नवी मुलगी म्हणाली, गाडी सुटण्यास विलंब होत आहे, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

कठड्याला वळसा घालून ती मामंजींपाशी आली तेव्हा तिला धाप लागली होती. आता बोलायला परवानगी होती, हळू. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि इतक्या दिवसांनी, अगदी जपून, त्यांच्याशी पहिला शब्द बोलली.

“चहा?”

मामंजींनी कानाला हात लावला. “काय? न्हा? सकाळीच न्हालो की!”

ती हसली. घसा मोकळा करून, आवाज काढून हसली, आणि तो आवाज आपलाच आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. मामंजींनी एका हाताने ट्रंकेचं एक टोक धरलं, दुसरं वायरमनला धरायला लावलं, आणि तिघं कँटीनकडे निघाले.